तेवढ्याच अश्वशक्तीत जास्त वेग

बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ गवळवाडीच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा सव्वासातशे किलोमीटर वाहून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. वाटेत तिला तेरणा, तावरजा, घरणी, लेंडी, मन्याड येऊन मिळतात. शेवटच्या टप्प्यात ती महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्याच्या कडेने जाते. वरच्या अंगाला निजामसागर आहे, खालच्या अंगाला पोचमपाडचं म्हणजे श्रीरामसागरचं बॅकवॉटर. निजामसागरने पाणी सोडलं आणि त्याच वेळी श्रीरामसागर भरलेला असला, तर येसगी, माचनूर, गंजगाव, सगरोळी, बोळेगाव या पट्ट्यात पाण्याला जायला जागा उरत नाही. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, पण पाणी खालूनच तुंबलं की उघड्या दरवाजांचाही उपयोग होत नाही. लेंडीकाठची तऱ्हा निराळी. तिथे पाणी तुंबून चढत नाही, ते रात्रीतून येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव भागात घरांत पाणी शिरलं, माणसं गेली, आणि एसडीआरएफ व लष्कराच्या तुकड्यांना बोलवावं लागलं.

असा पूर ओसरला की बैठकांत एक मागणी हमखास येते: बोटीला मोठं यंत्र द्या. पंचवीसच्या जागी चाळीस, चाळीसच्या जागी साठ. मागणी मनापासून असते. छपरावर माणसं बसलेली असताना बोट रांगत जाते, हे ज्याने पाहिलं आहे तो दुसरं काय मागणार? तरीही बोटीच्या वेगाचं सगळं शास्त्र एकत्र मांडलं की दिसतं की बहुतेक वेळा अश्वशक्ती कमी पडलेली नसते. ती बोटीत आधीच असते, पण पाण्यापर्यंत पोचत नाही. कुठे वजनात जाते, कुठे पंख्यात, कुठे रबरी बोटीच्या नळकांड्यातल्या कमी हवेत, तर कुठे जुन्या पेट्रोलमध्ये. या गळतीचाच हा आढावा आहे. समुद्रावर शर्यतीच्या बोटी चालवणाऱ्यांनी यावर शंभर वर्षं डोकं लढवलं आहे. त्यातलं आपल्या नदीला लागू काय आणि काय नाही, एवढंच निवडायचं.

सुरुवात दोन वेगांच्या फरकापासून करावी लागेल. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या कुठल्याही नावेला तिची स्वतःची लाट अडवते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की इथे टाकीत नावांच्या प्रतिकृती ओढून हे मोजलं. ढोबळ नियम असा: पाण्याला टेकलेल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला साडेचारने गुणा, ताशी किलोमीटर येतील. चार मीटरची बोट असेल तर नऊ. त्याच्या पुढे जायचं तर बोटीला आपल्याच लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर यावं लागतं. याला प्लेनिंग म्हणतात. बोट चढली की ओला भाग कमी होतो, अडथळा कमी होतो आणि तेच यंत्र तिला तिप्पट वेगाने नेतं. चढली नाही, तर नाक वर, शेपूट खाली, मागे मोठी लाट आणि आवाज भरपूर, अशी ती दहा-बारा किलोमीटरवर अडकून पडते.

पुरात या फरकाचं मोल किती? धार सेकंदाला तीन मीटरची असेल तर ती ताशी सुमारे अकरा किलोमीटर होते. दहाने चालणारी बोट अशा धारेविरुद्ध पुढे जातच नाही, उलट मागे सरकते. तेहतीसने चालणारी बोट मात्र जमिनीच्या हिशेबाने बावीसने वर जाते. म्हणून वेग ही हौस आहे असं कुणी म्हटलं तर ते पुरात खरं नाही. चढलेली बोट आणि न चढलेली बोट यांत गावापर्यंत पोचणं आणि न पोचणं एवढं अंतर आहे.

चढलेल्या बोटीचा वेग किती येईल याचा जुना अंदाज जॉर्ज क्राउच या अमेरिकी रचनाकाराचा. १९२४ ची प्रसिद्ध शर्यतबोट ‘बेबी बूटलेगर’ ही त्याचीच. त्याचं सूत्र सांगतं की वेग हा अश्वशक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. साध्या बोटीसाठी किलो आणि किलोमीटरमध्ये गुणक १६२ च्या आसपास येतो. हिशेब करून पाहू. रबरी बोट १०० किलो, २५ अश्वशक्तीचं यंत्र ५० किलो, टाकीभर पेट्रोल २० किलो, दोर, वल्ही आणि लाईफ जॅकेट मिळून ४० किलो, आणि दोन चालक धरून सहा माणसं सुमारे ३९० किलो. एकूण ६००. सूत्राने ताशी ३३ किलोमीटर येतात. आता यंत्र ४० चं लावलं. ते वीस ते चाळीस किलोंनी जड असतं, आणि ते वजन नेमकं शेपटावर पडतं. वेग येतो ४१. म्हणजे अश्वशक्ती ६० टक्क्यांनी वाढली आणि वेग २३ टक्क्यांनी. याउलट ६०० किलोचे ५०० केले तर एक पैसाही यंत्रावर न घालता वेग ३६ च्या वर जातो. वर्गमुळामुळे मोठ्या यंत्राची बढाई निम्म्याहून कमी उरते. आणि रबरी बोटीच्या मागच्या फळीवर किती अश्वशक्ती चालेल हे लिहिलेलं असतं. ते ओलांडलं की बोट उलटण्याचा धोका वाढतो.

हे सूत्र चढलेल्या बोटीचं आहे, हे मात्र विसरायचं नाही. एका अश्वशक्तीमागे पंचवीस-तीस किलोंच्या पुढे वजन गेलं की छोटी बोट चढायलाच कुरकुरते, आणि मग सूत्रातला आकडा कागदावरच राहतो. वजनाचा प्रश्न त्यामुळे पहिला. पाच-दहा किलोंचं सामान उतरवून मिळतं तेही घ्यावं, पण मोठा चोर बोटीतलं पाणी आहे. चार मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते २४० लिटर होतं. लिटरला एक किलो. म्हणजे जवळजवळ चार माणसं बोटीत फुकट बसली. घोट्याएवढंही नसलेलं हे पाणी पावसात, माणसं चढता-उतरताना आणि लाटांच्या उडण्याने सहज साचतं. यंत्राला जोर दिला की ते सगळं मागे धावतं आणि शेपूट आणखी बसवतं. सहाशेचे आठशे चाळीस होतात, नेमक्या त्या क्षणी बोट चढायचं नाकारते, आणि चालक म्हणतो यंत्र कमी पडलं. एक बादली, एक हातपंप आणि ते चालवायला नेमून दिलेला एक माणूस एवढ्यानेच हे वजन बाहेर जातं.

फायबरच्या बोटीत पाणी दिसत नाही, ते आत मुरतं. तरंगण्यासाठी तळात भरलेला फोम तडे गेल्यावर वर्षानुवर्षं पाणी पितो. नवी असताना चौघांनी उचलली जाणारी बोट आठांना जड जाऊ लागली, तर ती शंका आधी घ्यावी. ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन मूळ वजनाशी ताडून पाहणं हा सोपा उपाय. आपल्याकडे प्रत्येक साखर कारखान्यात आणि बाजार समितीत काटा आहे.

वजनाबद्दल बोलताना माणसांचा उल्लेख टाळता येत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हा तिच्यात क्षमतेहून कितीतरी जास्त लोक होते. पाणी वाढत असताना कुणाला ‘तू थांब’ म्हणणं किती कठीण असतं हे काठावरून बोलणाऱ्याला कळत नाही. पण चढलेली हलकी बोट दोन फेऱ्या करते त्या वेळात भरलेली बोट एक फेरी धड करत नाही, आणि ती बुडण्याच्या बेतात असते. कमी माणसं घेऊन जास्त फेऱ्या, हा वेगाचाही नियम आहे आणि जिवाचाही.

आता पंखा. या सगळ्या विषयात सर्वांत जास्त वेग इथे सांडतो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच असतं. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, इंचांत. पहिला व्यास, दुसरा पिच. लाकडात स्क्रू फिरवल्यावर तो एका फेऱ्यात जेवढा आत जाईल तेवढा पंख्याचा पिच. पाणी लाकूड नसल्यामुळे प्रत्यक्षात पंखा थोडा घसरतो. यंत्राचे मिनिटाला साडेपाच हजार फेरे, गिअरमध्ये त्यांचे निम्मे आणि पिच दहा इंच, असं धरलं तर कागदावर ताशी ४२ किलोमीटर निघतात. बोट ३३ ने चालत असेल तर घसर सुमारे २१ टक्के. हलक्या बोटीत ती दहा ते वीस टक्के असते, लादलेल्या बोटीत जास्त. पण ती तीस-पस्तीसच्या पुढे गेली तर काहीतरी बिघडलं आहे असं धरून शोधायला लागावं.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग, हा समज सार्वत्रिक आहे आणि पूरबोटीसाठी तो चुकीचा आहे. यंत्र आपली पूर्ण अश्वशक्ती ठरावीक फेऱ्यांवरच देतं. या आकाराच्या बऱ्याच यंत्रांत पूर्ण थ्रॉटलला पाच ते सहा हजार फेरे हवेत. ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पिच मोठा असला आणि बोट लादलेली असली की यंत्र चार हजार सातशेवरच गुदमरतं. म्हणजे पंचवीस अश्वशक्ती विकत घेतली, पण वापरात वीस-बावीसच. पिच एक इंचाने कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. दोन इंचांनी कमी केला की तेच यंत्र पाच हजार ओलांडतं, बोट चढते, आणि ‘लहान’ पंख्याने वेग वाढतो. रिकाम्या बोटीत हाच पंखा उलट वागेल, फेरे सहा हजारांच्या पुढे पळतील आणि चालकाला हात आखडता घ्यावा लागेल. म्हणून पंखा रिकाम्या बोटीवर निवडायचा नाही. जाताना दोघेच असतात, येताना सहा. वेग हवा तो येतानाच्या वजनावर.

छोट्या यंत्रांवर फेरे दाखवणारं घड्याळ नसतं, म्हणून हे कुणाला कळतच नाही. स्पार्क प्लगच्या वायरीला नुसती एक तार गुंडाळून चालणारं छोटं टॅकोमीटर मिळतं, गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानातही. ते लावून, बोटीत वाळूची पोती ठेवून सहा माणसांचं वजन करून, पूर्ण थ्रॉटलला एकदा फेरे मोजले की निम्मे वाद मिटतात. वेग मोबाईलच्या जीपीएसवर घ्यावा, पण धारेच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे. दोन आकड्यांची सरासरी हा बोटीचा खरा वेग. फक्त धारेसोबत घेतलेला आकडा सांगून कुणी खूश होऊ नये.

पंखा तपासणं हे काम हाताचं आहे. मागची खिळी काढून नट सोडवला की पंखा निघतो. बोटाची पाठ पात्याच्या पुढच्या कडेवरून हळू फिरवावी. डोळ्याला न दिसणारे खाचे आणि मुडपलेली कड लगेच लागते. मग पंखा सपाट टेबलावर ठेवावा, शेजारी पट्टी उभी धरावी आणि प्रत्येक पात्याचं टोक टेबलापासून किती उंच आहे ते पाहावं. तिन्ही पात्यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर एक पातं वाकलं आहे. ते पाणी कापत नाही, नुसतं हापटतं, आणि त्याची थरथर गिअरपर्यंत जाते. पंखा काढलेलाच असतो तेव्हा दांड्याकडेही नजर टाकावी. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा तिथे गुंडाळून बसलेला असतो आणि आतलं रबरी सील कापत असतो. विष्णुपुरी जलाशयाच्या पाण्यात किंवा कुठल्याही तलावात सराव झाला असेल, तर हा दोरा निघणारच असं धरून चालावं. जलपर्णी आणि नाल्याला आलेला कडबा, ऊस, चिंध्या हे तर पुरात असतंच. मधूनच यंत्र थांबवून, वर उचलून पंखा मोकळा करणं हे वेळ घालवणं नाही.

धातूचा प्रश्नही इथेच येतो. स्टीलचं पातं पातळ आणि ताठ असतं, वाकत नाही, म्हणून ॲल्युमिनियमपेक्षा थोडा वेग जास्त देतं. समुद्रावर ते घ्यावं. आपल्या पुरात पाण्याखाली बाभळीचे बुंधे, विजेचे खांब, कुंपणाचे दगड, शेतातली पाईपलाईन असते. ॲल्युमिनियमचं पातं आपण वाकतं आणि गिअर वाचवतं. स्टीलचं तो धक्का आत ढकलतं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे ॲल्युमिनियमचाच पंखा, पण बोटीत दुसरा तयार पंखा, पाना आणि खिळी. वाकलेल्या पंख्यावर घरी परतणं यात जेवढा वेग जातो तेवढा कुठलंही स्टील मिळवून देणार नाही.

यंत्राची उंची हा फुकटात मिळणारा दुसरा मोठा वेग. पंख्याच्या जरा वर, यंत्राच्या पायाला एक आडवी सपाट पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा बोटभर वर हवी. यंत्र जास्त खाली बसलं तर त्याचा जाड पाय पाण्यात नांगरासारखा ओढला जातो आणि मागे फवारा उडतो. जास्त वर बसलं तर पंखा वरून हवा ओढतो, आवाज एकदम चढतो आणि ढकल निघून जाते. यंत्रं आखूड पायाची आणि लांब पायाची अशी दोन्ही येतात. एकाला मागची फळी १५ इंच लागते, दुसऱ्याला २०. बोट एका खरेदीत आणि यंत्र दुसऱ्या खरेदीत आलं असेल तर ही जोडी जुळते का, हे पट्टी लावून पाहणं मिनिटाभराचं काम आहे. पाच इंचांचा फरक निघाला तर बाकीचे सगळे उपाय व्यर्थ. जुळत असेल तर फळीवर एक-एक सेंटिमीटरची लाकडी पट्टी घालून यंत्र वर घेत जावं, वळणावर पंखा हवा खायला लागला की एक पट्टी काढावी. मात्र यंत्राच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार अखंड हवी. ती तुटली तर थंड करणारं पाणी आत जात नाही.

यंत्राचा कोन बदलायला मागे चार-पाच भोकं आणि एक आडवी खुंटी असते. ही खुंटी कारखान्यातून आली तिथेच वर्षानुवर्षं राहते. बोट चढलेली असताना यंत्राचा दांडा पाण्याला उभा काटकोनात असावा, इतका साधा नियम आहे. आत दाबलेला असेल तर नाक पाण्यात खुपसतं, बाहेर काढलेला असेल तर नाक आकाशात जातं आणि बोट चढायला वेळ घेते. खुंटीबरोबर माणसंही हलवावी लागतात. रबरी बोटीत चालक मागे, यंत्र मागे, पेट्रोलची टाकी मागे, आणि भेदरलेली माणसंही चालकाजवळ गोळा होतात. टाकी लांब नळी लावून मध्ये सरकवली, दोन माणसं पुढे बसवली, चालकाच्या हँडलला एक लांबवणी जोडून त्यालाही हातभर पुढे आणलं, की अडून बसलेली बोट चढते. चढल्यावर तिथेच थांबायचं, कारण नाक फार जड झालं तर लाटेत खुपसेल.

रबरी बोटीच्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आपल्या हवामानाचा हा खास घोळ आहे. बाजूच्या नळकांड्यांत साधारण ०.२ ते ०.२५ बार दाब लागतो. हवेचा तळ असेल तर त्यात त्याच्या तिप्पट किंवा जास्त. दुपारी चाळीस अंशांत, तहसीलच्या आवारात, नळकांडं तापलेलं असताना ०.२५ बार भरला आणि बोट पंचवीस अंशांच्या पाण्यात टाकली, तर हवा आकसून दाब ०.१९ च्या आसपास येतो. एक चतुर्थांश गेला, एकही भोक नसताना. बोट मधोमध वाकते, तळाला पोक येतो, आणि पोक आलेला तळ नाक खाली ओढत पाणी ढकलत जातो. म्हणून बोट पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांनी दाब पुन्हा पाहायचा आणि भरायचा. उलट, भर उन्हात बोट पुन्हा काठावर ओढून ठेवली की थोडी हवा सोडायची. दाबमापक बोटीसोबतच येतो आणि बऱ्याचदा पहिल्याच वर्षी हरवतो. तो पुन्हा घ्यावा, मोठ्या यंत्राच्या आधी.

तळाच्या गुळगुळीतपणाबद्दल समुद्रावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. कोकणात नावा ओहोटीला वाळूवर घेऊन तळ खरवडतात, कारण शिंपले चिकटले की नावेचा वेग पार घटतो. गोड्या पाण्यात तो त्रास नाही. वर्षभर काठावर ठेवलेल्या बोटीला शेवाळ आणि चिखल तेवढा धुवावा, फायबरचा तळ वाळूवरून ओढून खरवडलेला असेल तर भरून घ्यावा. एवढंच.

यंत्र पंचवीस म्हणत असेल पण पंचवीस देत असेलच असं नाही. नांदेड परिसर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे तीन-चार टक्के शक्ती आपोआप कमी होते, उन्हाने आणखी थोडी. याला इलाज नाही. ज्याला आहे ते पेट्रोल. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. मॉन्सूनच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो, आणि नेमक्या रात्री यंत्र धापा टाकतं. सराव झाला की कार्ब्युरेटर रिकामा करणं, जूनमध्ये ताजं पेट्रोल भरणं, जुनं काढून जीपला वापरणं, दोन-स्ट्रोक यंत्रात तेलाचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवणं आणि प्लग बदलणं, यांतून वीस-वीस टक्के हरवलेली शक्ती परत आलेली यंत्रं दिसतात.

बाहेरच्या जगाने वेगासाठी काय काय केलं तेही पाहून घेऊ. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर पाण्याखाली पंख लावून अख्खी बोट उचलली आणि ६० अश्वशक्तीत ताशी ६८ किलोमीटर गाठले. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या बोटीने १९१९ मध्ये याच तत्त्वावर ११४ गाठले. याशिवाय पायऱ्यांचे तळ आले, खोल व्ही आकाराचे तळ आले. आपल्या पुरात पाण्याखालचा पंख पहिल्या बाभळीला अडकून तुटेल. छोट्या यंत्राच्या पट्टीवर बसवायची पंखासारखी जोड मिळते. ती बोट लवकर चढवते पण सर्वोच्च वेग थोडा कमी करते. लादलेल्या बोटीसाठी हा सौदा वाईट नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने १९५० च्या दशकात उथळ नद्यांसाठी पाण्याच्या झोताने चालणारी जेट बोट घडवली आणि १९७७ मध्ये एडमंड हिलरींनी तशाच बोटींतून समुद्राकडून गंगा वर चढत नंदप्रयागपर्यंत मजल मारली. पंखा नसल्यामुळे पाण्यातल्या माणसाला धोका नाही, हा तिचा मोठा गुण. पण कमी वेगात आणि जड वजनाला जेट त्याच अश्वशक्तीत कमी ढकल देतं, आणि चिंध्या-कडब्याने तिची जाळी तुंबते.

यंत्र, पंखा, बोट झाली. राहिलं पाणी. दोन मीटर खोल बुडालेल्या शेतावर ताशी सोळाच्या आसपास आणि दीड मीटरवर चौदाच्या आसपास बोटीची लाट सर्वांत मोठी होते, कारण उथळ पाण्यात लाट स्वतः त्याहून वेगाने पळू शकत नाही. त्या वेगात अडकून राहणं सर्वांत वाईट: पेट्रोल जास्त, पुढे जाणं कमी, लाट प्रचंड. एक तर पटकन त्याच्या पुढे जावं, नाही तर सातआठवर किंवा त्याखाली यावं. गावात शिरल्यावर दुसराच पर्याय. भिजलेल्या मातीच्या भिंतींवर आणि माळवदावर आपल्या लाटेचा एक फटका पुरतो, आणि माणसं त्याच माळवदावर बसलेली असतात. उघड्या पाण्यावर तेहतीस आणि वेशीच्या आत पाच, असा वेग ठरलेला हवा.

धार ओळखणं हा यंत्राबाहेरचा सर्वांत मोठा वेग. नदीच्या मधोमध धार जोराची, कडेला आणि वळणाच्या आतल्या अंगाला मंद. मधून अकराच्या धारेविरुद्ध बावीसने चढण्यापेक्षा कडेने चारच्या धारेविरुद्ध एकोणतीसने चढता येतं. पाच किलोमीटरला साडेतेरा मिनिटांच्या जागी साडेदहा. कुठलाही पंखा एवढं देत नाही. हे ज्ञान काठच्या भोई मंडळींकडे आणि मासेमारी करणाऱ्यांकडे आहे. मांजरेत वाळू उपशाने पडलेले खोल खड्डे आणि त्यावरचे भोवरे कुठे आहेत, हेही त्यांनाच ठाऊक. बाहेरून आलेल्या तुकडीत एक स्थानिक माणूस बसवला की बोटीचा वेग वाढतो, हे मी हिशेबाने म्हणतो आहे. एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत, एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला. नागपूरहून बिलोलीला यायचं तर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. ती तुकडी येईपर्यंतचे तास तालुक्यातल्याच बोटीने भरून काढायचे असतात. त्या तासांत ती बोट चढली पाहिजे.

वेग कमी करणारी एक गोष्ट मात्र आपण होऊन घेण्याचा विचार करावा लागतो. पंख्याभोवतीचं संरक्षक कडं. पाण्यातली माणसं उचलताना ते पात्यापासून वाचवतं, पण पूर्ण वेगाला त्याची ओढ मोठी असते आणि त्यात कडबाही अडकतो. अनेक देशांतली बचावपथकं यावर एकमताची नाहीत. कडं न लावता माणसाजवळ जाताना यंत्र न्यूट्रलला आणायची आणि शेवटचे काही मीटर वल्ह्याने जायची सवय लावावी, असं मला वाटतं. ही सवय सरावाने लागते. पण सराव आणि चाचणीलाही जागा पाहावी लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नव्या यंत्राची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली होती. वेगाची चाचणी कुठे आणि कुणाच्या आसपास घ्यायची हेही ठरवून ठेवायचं असतं. मोकळ्या जलाशयात, दुसरी बोट नसताना, यंत्र बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधून.

मे महिन्यात पूरपूर्व तयारीची रंगीत तालीम होते. फोटोपुरती बोट पाण्यात उतरते आणि बाहेर येते. त्याच दिवशी प्रत्येक बोटीमागे एक कार्ड भरता येईल: रिकामं वजन, पंख्यावरचे दोन आकडे, सहा माणसांच्या वजनावर पूर्ण थ्रॉटलचे फेरे, वर आणि खालच्या धारेचा वेग, पाण्यातला हवेचा दाब, चढायला लागलेले सेकंद. पंखा बदलून, पट्ट्या घालून, टाकी सरकवून हेच आकडे पुन्हा घ्यायचे. एवढं करूनही सहा माणसांवर बोट चढत नसेल तर यंत्र खरोखर लहान आहे. मग मोठ्या यंत्राची मागणी ते कार्ड जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवावी, फळीवरची अश्वशक्तीची मर्यादा बघून.